अन्नावाचून दहा दिवस : साने गुरुजींचे स्मरण

हिंदूरावच्या टेकडीवरील रुग्णालयात रक्तातील साखर तपासून घेण्यासाठी सकाळी उपाशीपोटी येणारी मंडळी आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. (ज्यांच्या वाड्यावरून या स्थळास नाव पडले ते हिंदूराव घाटगे म्हणजे महाराणी बायजाबाई शिंदे यांचे बंधू. दिल्लीकर रोज एक मराठी नाव उच्चारतात व त्यांना त्याचा पत्ता नसतो. असो.) आदल्या रात्रीपासून अन्नाचा कण न घेतलेल्या निरोगी माणसाच्या रक्तातही दर १०० मिलिलिटरमागे ७० ते १०० मिलिग्रॅम साखर असतेच. उपवास आठ-दहा दिवस लांबला तरी ती काहीशी खाली येते, पण संपत नाही. बाहेरून काही येत नसताना ती येते कोठून? साने गुरुजींच्या चरित्रातील १९४७ सालचा मे महिना वाचताना हा प्रश्न माझ्या मनात प्रथम उभा राहिला.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, परंतु वैभव ओसरलेले. विद्यार्थिदशेत दारिद्र्याने त्यांची पाठ सोडली नाही. गरीब मुलांच्या जेवणाची सोय होते असे कळल्यावरून ते शिक्षणासाठी औंध संस्थानात गेले. तेथून पुढे पुण्यास आले. १९१७ साली आई गेली. उपासमार म्हणजे काय हे त्यांना व्रत म्हणून कळण्यापूर्वी पोटाने कळले होते, ही गोष्ट त्यांच्या पुढील उपोषणांकडे पाहताना विसरून चालणार नाही.

एम.ए. झाल्यावर १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयातील मुलांची त्यांनी मातेच्या मायेने सेवा केली. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. त्यानंतर धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंग घडले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरून घेतली आणि नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. हा भाग सर्वश्रुत असल्यामुळे येथे विस्तार करीत नाही.

पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना बंद होते. चोखामेळ्याची समाधी महाद्वारासमोर आणि त्याच्या वंशबंधूंना आत मज्जाव, ही स्थिती गुरुजींना असह्य झाली. १९४६ साली त्यांनी उपोषणाचा निश्चय जाहीर केला. तेव्हा सेनापती बापट यांनी, आधी लोकमत जागृत करावे, असा आग्रह धरला. गुरुजींनी तो मानला आणि सुमारे सहा महिने महाराष्ट्र पालथा घातला. गावोगावची मंदिरे व विहिरी खुल्या झाल्या; पंढरीचे द्वार मात्र उघडले नाही. अखेर १ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, त्यांनी आमरण उपोषण आरंभिले.

आता शरीराचा हिशेब पाहू. मेंदूला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठविलेली साखर जेमतेम १०० ग्रॅम. स्नायूंतील साठा याहून मोठा, पण स्नायू तो थेट रक्तात सोडत नाहीत. म्हणजे २ मेच्या सुमारासच यकृताची कोठी रिकामी झाली असली पाहिजे. तेथून पुढे यकृत, व काही प्रमाणात मूत्रपिंडे, साखर नव्याने घडवू लागतात. या क्रियेला ग्लुकोनिओजेनेसिस म्हणतात. तिला कच्चा माल तीन ठिकाणांहून मिळतो. चरबीचे विघटन झाल्यावर निघणारे ग्लिसरॉल हा एक. रक्तपेशी व स्नायू यांनी साखर वापरल्यावर उरणारे लॅक्टिक आम्ल हा दुसरा. परंतु ती वापरलेल्याच साखरेची पुनर्घडण आहे, त्यात नवी भर नाही. मोठा पुरवठा होतो तो तिसरीकडून, स्नायूंतील प्रथिने मोडून निघणाऱ्या अमिनो आम्लांपासून. चरबीचा फार मोठा अंश, म्हणजे तिच्यातील मेदाम्ले, यांपासून मानवी शरीराला ग्लुकोज बनविता येत नाही. म्हणून आरंभीच्या दिवसांत रोज सुमारे ७५ ग्रॅम प्रथिने, म्हणजे पाव किलोहून अधिक मांस, स्वतःच्याच अंगातून खर्ची पडते. स्थूल माणसाची चरबीही ही वजावट पूर्णतः वाचवू शकत नाही. मग गुरुजींची तर मुळातच कृश प्रकृती.

तथापि निसर्गाने येथे एक सोय ठेवली आहे. दोन-तीन दिवसांनंतर यकृत मेदाम्लांपासून कीटोन नावाची द्रव्ये भरपूर बनवू लागते आणि मेंदू हळूहळू त्यांवर भागवून घेण्यास शिकतो. साखरेची मागणी उतरते, तशी मांसाची झीजही मंदावते. पण हा बदल पूर्ण होण्यास आठवडे लागतात. दहा दिवसांचा उपवास हा बव्हंशी महागाईच्या काळातलाच उपवास होय. योगायोग असा की, शरीरात ग्लायकोजेनचे रूपांतर कसे होते याचा शोध लावणाऱ्या कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते त्याच १९४७ साली.

पंढरपुरातील वातावरण सोपे नव्हते. सनातनी मंडळींचा विरोध होता. गांधीजींपर्यंत अपुरी हकीकत गेल्यामुळे त्यांच्याकडूनही उपोषण सोडण्याचा सल्ला आला. ज्याला आयुष्यभर गुरुस्थानी मानले त्याचा शब्द न मानणे गुरुजींसारख्या हळव्या माणसाला किती जड गेले असेल, याची कल्पनाच करावी. माझ्या मते त्या दहा दिवसांतील सर्वांत कठीण उपवास हाच. ते ढळले नाहीत. दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळींनी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य केले आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

अशा वेळी अन्न बेताबेतानेच द्यावे लागते, कारण उपाशी शरीराने लावून घेतलेली घडी एकदम मोडली तर रक्तातील क्षारांचा तोल बिघडून प्राणावर बेतू शकते. गेलेले मांस भरून येण्यास तर पुष्कळच अवधी हवा. गुरुजींनी तो शरीराला फारसा दिला नाही. गांधीजींच्या हत्येनंतर, १९४८ च्या फेब्रुवारीत, त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक काढले, आंतरभारतीचे स्वप्न मांडले आणि भारतातील भाषा एकमेकींना भेटाव्यात म्हणून ते लिहीत राहिले. दिल्लीत राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना हे स्वप्न विशेष जवळचे वाटावे. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने जीवनयात्रा संपविली. तेव्हा त्यांचे वय अवघे पन्नास होते. प्रस्तुत लेखकाहूनही कमी.