सांगलीचे विजय हजारे

विजय हजारे करंडक आपल्या घरातल्या मुलांना चांगला ठाऊक आहे. जानेवारी २०२५ मध्ये वडोदऱ्याला कर्नाटकाने विदर्भाला हरवून तो जिंकला, तेव्हा गोकुळ रोडवरच्या आपल्या मराठी घरांत टाळ्या कोणासाठी वाजवायच्या, हा प्रश्न काहींना पडलाच असेल! पण ज्यांच्या नावाचा हा करंडक, ते हजारे आपल्या जवळच्या सांगलीचे आणि मराठी ख्रिस्ती कुटुंबातले, हे पुष्कळांना माहीत नसते.

त्यांचा जन्म ११ मार्च १९१५ चा. वडील शाळामास्तर, घरात आठ भावंडे. पुढे देवास संस्थानच्या आश्रयाने ऑस्ट्रेलियाचे फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. हजारे यांची बॅट धरून उभे राहण्याची तऱ्हा जरा वेगळी होती. ती बदलू नये, असे ग्रिमेट यांनीच सुचवले. १९३९-४० मध्ये पुण्यात त्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक. नंतर ते त्याच बडोद्याचे झाले.

त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे धर्मावरून संघ, आणि राहिलेल्या सर्वांचा संघ ‘द रेस्ट’. ख्रिस्ती म्हणून हजारे या उरलेल्यांच्या संघात. धर्मावरून संघ पाडणे आम्हाला कधीच पटले नाही, पण हजारे यांचा सर्वांत गाजलेला डाव तिथलाच आहे. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. रेस्ट संघ १३३ मध्ये आटोपला, त्यात ५९ हजारे यांच्या. फॉलोऑननंतर पुन्हा पडझड झाली. मग धाकटे बंधू विवेक साथीला आले आणि दोघांनी ३०० धावांची भागीदारी केली. विवेक यांचा वाटा २१! संघाच्या ३८७ पैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या. बँकेत आयुष्य काढल्यामुळे आमची वजाबाकी लगेच होते: उरल्या ७८, त्याही अवांतर धरून. एवढे करूनही संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला.

पुढेही तेच. महायुद्धामुळे कसोटी पदार्पण वयाच्या ३१ व्या वर्षी, १९४६ मध्ये. १९४८ च्या ॲडलेड कसोटीत ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध ११६ आणि १४५. कसोटीच्या दोन्ही डावांत शतके करणारे ते पहिले भारतीय. भारताचा मात्र डावाने पराभव. १९५२ मध्ये लीड्सला शून्यावर चार गडी बाद झाले, तेव्हा कर्णधार हजारे यांनी ५६ धावा काढल्या. तो सामनाही गेला.

धावफलक विरुद्ध असताना माणूस तास न् तास कशाच्या बळावर उभा राहतो? पॅरिस ऑलिंपिकमध्ये १९२४ साली स्कॉटलंडचा एरिक लिडेल रविवारी धावायला नकार देऊन ४०० मीटरचे सुवर्ण जिंकला. त्याची श्रद्धा जगाला दिसली. अबोल, लाजाळू हजारे यांच्या बाबतीत आम्ही ती त्यांच्या खेळात शोधतो. ख्रिस्ती घरातल्या मुलाला लहानपणापासून क्रूसाची कथा माहीत असते. तिथे शुक्रवारचा पराभव हा शेवट नसतो, आणि हरला म्हणून देवाने टाकले असे होत नाही. आपल्याकडे गीतेमुळे फळाची आशा न धरता काम करणे परिचयाचे आहे. दोन्ही वाटा आम्हाला फार लांबच्या वाटत नाहीत.

विजयही आला. फेब्रुवारी १९५२, मद्रास, इंग्लंडवर एक डाव आणि ८ धावांनी मात. भारताचा हा पहिला कसोटी विजय, आणि कर्णधार हजारे. विनू मंकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले, त्यामुळे नाव त्यांचे जास्त झाले, ते योग्यच. वर्षभरात, १९५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यानंतर, हजारे यांची कसोटी कारकीर्द संपली. ३० कसोट्या, २१९२ धावा, ७ शतके. कर्णधार म्हणून ते फार सावध, अशी टीका झाली. ती अगदीच खोटी नव्हती.

तरी ते बडोद्याकडून खेळत राहिले. १९६० मध्ये पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी, नाताळ आठवड्यावर आलेला असताना, वडोदऱ्यात त्यांचे निधन झाले.