उन्हाचे जाणकार दादासाहेब

गेल्या उन्हाळ्यात गिरणेच्या काठी ठेलाऱ्यांचा वाडा उतरला होता. ओझी उतरवून त्यांची तट्टं मोकळी सोडलेली. मामांचा कॅमेरा गळ्यात अडकवून मी भर दुपारी तिकडे धावलो. घरी येऊन पाहतो तो काय, वाळू पांढरीफटक आणि तट्टांचे पाय म्हणजे नुसता धूर! मामांनी एका वाक्यात निदान केलं. मी शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर ठेवलं होतं. धावत्या जनावराला हजारावा भाग हवा. शटर जलद केलं असतं तर पाय स्पष्ट आले असते आणि जादा ऊनही आपोआप आवरलं असतं. मग त्यांनी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट काढली, आणि मी ग्रंथालयाकडे वळलो.

धुंडिराज गोविंद फाळके आपल्याच जिल्ह्यातले. जन्म त्र्यंबकेश्वरी, ३० एप्रिल १८७० चा. मुंबईची जे. जे. कलाशाळा, बडोद्याचं कलाभवन, मग गोध्र्याला छायाचित्रणाचा धंदा. तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल नेलं. पुढे नकाशे काढणं, छपाई, जर्मनीची वारी असे बरेच उद्योग झाले. त्यांत शिरत नाही. ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून त्यांना वेड लागलं. चित्रपट पाहून आणि रात्री वाचून डोळ्यांवर इतका ताण पडला, की काही काळ दिसेनासं झालं. ज्याचा सगळा व्यवहार प्रकाशाशी, त्याच्यापुढे अंधार! उपचारांनी दृष्टी परतली. लगेच विम्यावर कर्ज काढून १९१२ साली स्वारी लंडनला गेली आणि विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आली.

आता माझ्या आवडीचा भाग. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिजने बारा कॅमेरे ओळीने मांडून धावत्या घोड्याचे चारी पाय क्षणभर हवेत असतात हे दाखवलं होतं. फाळक्यांनी नेमकं उलट केलं. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर ठरावीक वेळाने एकेक चित्र घेतलं. घोडा डोळ्याला सापडत नाही कारण तो फार वेगात असतो, अंकुर सापडत नाही कारण तो फार सावकाश. दोन्हीकडे हिशेब वेळेचाच. पडद्यावर रोप मिनिटभरात वाढलेलं पाहून पैसे लावणारे तयार झाले. तेवढ्याने भागलं नाही म्हणून सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले.

तो कॅमेरा हाताने फिरवायचा. सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा चित्रं. हात मंदावला की चित्र उजळ, घाई झाली की काळपट. प्रकाश मोजायचं यंत्र हाताशी नाही, फिल्म मंद आणि तांबड्या रंगाला आंधळी. दिवे नाहीत, सारी भिस्त उन्हावर. मित्र त्र्यंबक तेलंगांना त्यांनी हे सगळं शिकवलं. दादरला सरस्वतीबाई तासन्‌तास पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत, नटांच्या चेहऱ्यावरची सावली उजळावी म्हणून. रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं कामही त्यांचंच, आणि पंगतीच्या पंगती जेवू घालणं वेगळंच. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारीख आपण पाठ करतो, चादर विसरतो.

पुढे फाळके नाशिकला आले. १९१७ च्या 'लंकादहन'ने अमाप पैसा दिला, कंपनीच्या भांडणांनी मनःशांती नेली. बोलपट आल्यावर हाताने फिरवायचं ते कसब मागे पडलं. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकुलता बोलपट, आणि अखेरचाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच ते गेले.

आपल्या मालेगावात 'मालेगाव के शोले' काढणाऱ्यांनी सायकलवर कॅमेरा फिरवला, हे ऐकून दादासाहेब खूश झाले असते असं मला वाटतं. मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, शटर हजारावर ठेवून, पुन्हा नदीवर गेलो. धाकट्या बहिणीला पांढरी चादर घेऊन उभं केलं. चादर फडफडली आणि तट्टं जी उधळली, ती थेट पलीकडच्या काठावर. एका छायाचित्रात चारी पाय हवेत आहेत. तट्टू अंगठ्याएवढं दिसतं.