खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे विश्वेश्वरय्या पंचाहत्तरीच्या आसपास ट्रक-मोटारींच्या कारखान्यामागे लागले होते

15 सप्टेंबर आला की अभियंता दिनाच्या पोस्ट फिरायला लागतात. डोक्यावर म्हैसुरी फेटा घातलेला सर विश्वेश्वरय्यांचा फोटो आणि खाली कृष्णराजसागर धरणाचं नाव. पण त्यांचं एक गाजलेलं काम पुण्याजवळ खडकवासल्याला झालं होतं. आणि उतारवयात त्यांनी ज्या कारखान्याचा ध्यास घेतला, तो धरणाचा नव्हता, मोटारींचा होता.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मूळचे आजच्या कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचे. वडील लवकर गेले. बंगळूरला शिकवण्या घेत त्यांनी 1881 मध्ये बी. ए. केलं. पुढे म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत दाखल झाले. 1883 च्या इंजिनिअरिंग परीक्षेत ते पहिले आले आणि लगेच मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली. नाशिक, खानदेश, सिंधमधलं सक्कर असं फिरून ते पुण्याच्या पाटबंधाऱ्यांच्या कामावर आले.

खडकवासला धरण तेव्हा वीसेक वर्षांचं होतं. इंग्रज त्याच्या तलावाला लेक फाइफ म्हणत. पुण्याला प्यायला आणि मुठा कालव्यातून शेतीला पाणी इथूनच जायचं. अडचण अशी, की पावसाळ्यात भरलेल्या धरणाच्या सांडव्यावरून पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात तेच कमी पडायचं.

भिंत उंच करणं खर्चाचं काम होतं. सांडव्यावर साधे दरवाजे बसवले, तर पूर येताच रात्री-अपरात्री ते उघडायला माणसं धावली पाहिजेत. ती वेळेवर पोचली नाहीत, तर धरणच धोक्यात.

विश्वेश्वरय्यांनी यावर वजनांच्या तोलावर चालणारे दरवाजे तयार केले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दरवाजे स्वतःहून उघडायचे, पातळी उतरली की पुन्हा बंद व्हायचे. 1903 मध्ये ते खडकवासल्याला बसले. भिंतीला हात न लावता तलावात जास्त पाणी साठू लागलं. या रचनेचं त्यांनी पेटंट घेतलं. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरवरही अशा दरवाजांचा वापर झाला.

पण मुंबई इलाख्यात सगळ्यात वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांनाच मिळत. विश्वेश्वरय्यांनी 1908 मध्ये नोकरी सोडली. त्याच वर्षी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं, तेव्हा निजामाने त्यांनाच बोलावलं. 1909 मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले आणि 1912 ते 1918 दिवाण. या काळात त्यांची खात्री पटली, की नुसतं पाणी आणि शेती यावर देश उभा राहणार नाही. यंत्रं इथेच बनली पाहिजेत.

मोटारींचा विषय इथून सुरू होतो. भारतात तेव्हा ट्रक धावत होते, पण बनत नव्हते. जनरल मोटर्स आणि फोर्डचे सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे फक्त जोडले जायचे.

यात काय बिघडलं, हे कळायला जुन्या ट्रकचं बॉनेट उघडून बघा. इंजिनची उष्णता पाणी ओढून घेतं. हे पाणी इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये फिरवायचं काम वॉटर पंप करतो आणि रेडिएटरमधून हवा खेचायचं काम पंखा करतो. बऱ्याच जुन्या ट्रकमध्ये पंखा पंपाच्याच शाफ्टवर बसवलेला असतो आणि दोन्ही एकाच पट्ट्यावर फिरतात.

पंपाचं सील गेलं की पाणी ठिबकतं. बेअरिंग झिजलं की पंखा डुगडुगतो आणि जास्तच हलला, तर पाती थेट रेडिएटरमध्ये घुसतात. म्हणून पंप बदलताना मेकॅनिक पंखाही तपासतो आणि पात्याला तडा दिसला की तोही बदलतो. इंजिन गार झाल्यावर पाणी काढायचं, पट्टा, पंखा, पंप उतरवायचा, जुनं गॅस्केट खरवडून नवं लावायचं. काम अर्ध्या दिवसाचं. पण पंपच मिळाला नाही तर? चढावर इंजिन तापून ट्रक बंद पडणार आणि साता समुद्रापलीकडून बोट येईपर्यंत मालकाचा धंदा बसणार.

विश्वेश्वरय्यांनी 1935 मध्ये युरोप-अमेरिकेचा दौरा करून मोटार कारखान्यांचा अभ्यास केला आणि भारतातल्या कारखान्याची योजना मांडली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. पण ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं, सैन्याला ट्रक हवे होते, तरीही देशी कारखान्याला मदत मिळाली नाही.

वालचंदांनी नाद सोडला नाही. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गो ही ट्रकची नावं जुन्या ड्रायव्हर मंडळींना आजही आठवतील. सुरुवातीला बरेच भाग बाहेरूनच यायचे, मग एकेक भाग इथे बनू लागला.

1955 मध्ये विश्वेश्वरय्यांना भारतरत्न मिळालं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि तेही धरण फुटलं. ज्या धरणावर त्यांनी ऐन उमेदीत दरवाजे बसवले होते, ते वाहून गेलं तेव्हा शंभरीला पोचलेले विश्वेश्वरय्या हयात होते. एप्रिल 1962 मध्ये बंगळूरला त्यांचं निधन झालं.

पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सोडल्याचे मेसेज फिरतात, ते दरवाजे नंतरचे, विश्वेश्वरय्यांचे नाहीत. पण आज जुन्या ट्रकचा पंप गेला, तर बोटीची वाट बघावी लागत नाही. इथेच बनलेला पंप दुकानात मिळतो. पंचाहत्तरीच्या आसपास त्यांनी केलेली धडपड याचसाठी होती.