बुकर वॉशिंग्टन यांचा एकुलता पोशाख

मनुष्याची योग्यता त्याच्या वस्त्रांच्या किंमतीवरून ठरत नाहीं, हें खरें. परंतु स्वच्छ व नीटनेटक्या वस्त्रांनीं काम करणाराच्या मनास धीर येतो, हेंही तितकेंच खरें आहे. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचे विख्यात शिक्षक बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या चरित्रांत या दोन्ही गोष्टी एके ठिकाणीं दिसतात. म्हणून तें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

बुकर यांचा जन्म इ. स. १८५६ मध्यें व्हर्जिनिया प्रांतांतील एका मळ्यावर, गुलामांच्या झोपडींत झाला. गुलामांच्या मुलांस जवसाच्या धाग्यांचा जाडाभरडा सदरा मिळे. तो नवा असतांना अंगास कांट्यांसारखा टोंचे. धाकट्या भावाचे हाल न पाहवून थोरला भाऊ जॉन यानें तो सदरा स्वतः कांहीं दिवस वापरून मऊ करून दिला.

१८६५ सालीं गुलामगिरी संपली व हें कुटुंब वेस्ट व्हर्जिनियांतील माल्डन गांवीं गेलें. तेथें बुकर मिठाच्या भट्टीवर व पुढें कोळशाच्या खाणींत राबला. शाळेंत जातांना इतर मुलांच्या डोक्यावर दुकानांतल्या टोप्या होत्या. याच्याजवळ एकही नव्हती. आईजवळ पैसे नव्हते. पण तिनें कर्ज काढलें नाहीं. घरच्या जाड्या कापडाचे दोन तुकडे जोडून तिनें टोपी शिवून दिली. मुलांनीं तिची थट्टा केली. परंतु बुकर यांस त्या टोपीचा जन्मभर अभिमान वाटला.

पुढें ते रफनर नांवाच्या बाईंच्या घरीं चाकरीस राहिले. बाई फार शिस्तीच्या होत्या. अंगणांत कचरा किंवा कोटावर डाग दिसला कीं स्वस्थ बसवत नाहीं, ही संवय त्यांस त्याच घरीं लागली.

१८७२ सालीं हॅम्प्टनच्या शाळेसाठीं ते घराबाहेर पडले. सुमारें ५०० मैलांचा प्रवास. त्यांतील बराच पायीं. रिचमंड शहरांत त्यांनीं रस्त्याकडेच्या लाकडी फळ्यांखालीं रात्री काढल्या. शाळेंत पोंचले तेव्हां खिशांत ५० सेंट उरले होते, अंगावर मळके कपडे होते आणि स्नान होऊन बरेच दिवस लोटले होते. तो अवतार पाहून मुख्य शिक्षिका मिस मॅकी यांस हा मुलगा घ्यावा कीं नाहीं असा प्रश्न पडला. कांहीं तासांनीं त्यांनीं एक खोली झाडावयास सांगितली. बुकर यांनीं ती तीन वेळां झाडली व चार वेळां पुसली. बाईंनीं रुमाल फिरवून पाहिला. धुळीचा कण सांपडला नाहीं. प्रवेश मिळाला.

आतां खरी अडचण पुढें आली. शाळेचे मुख्य जनरल आर्मस्ट्राँग मुलांस रांगेंत उभें करून स्वतः तपासणी करीत. जोड्यांस पॉलिश हवें, बटण तुटलेलें नको, तेलकट डाग नको. बुकर यांच्याजवळ पोशाख एकच. त्यांतच झाडलोट व त्यांतच अभ्यास. पायमोज्यांचा जोडही एकच. तो ते रात्रीं धूत, विस्तवापाशीं वाळवीत व सकाळीं पुन्हां घालीत. पुढें शिक्षकांनीं उत्तरेकडून आलेले जुने कपडे त्यांस दिले.

१८८१ सालीं त्यांनीं अलाबामांतील टस्कीगी येथें ३० विद्यार्थ्यांनिशीं शाळा सुरू केली. तेथेंही स्नान, बटणें व दांत घासण्याचा ब्रश यांविषयीं त्यांचा इतका कटाक्ष होता कीं, कित्येक विद्यार्थी दुसरें कांहीं न आणतां केवळ ब्रश घेऊन येत! १८९६ सालीं हार्वर्ड विद्यापीठानें त्यांस सन्मानाची पदवी दिली.

स्वच्छ पोशाखानें जगांतील अन्याय मात्र नाहींसा होत नाहीं. १९०१ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं त्यांस भोजनास बोलाविलें, तेव्हां दक्षिणेंतील अनेक गोऱ्यांनीं केवळ वर्णामुळें गहजब केला. तरी अपमान सोसून उद्यां पुन्हां ताठ मानेनें कामावर जाण्याचें बळ त्यांच्या ठायीं होतें. १९१५ सालीं ते टस्कीगी येथेंच निवर्तले.

विद्यार्थीमित्रहो, सदऱ्यास ठिगळ असेल तर लाजूं नका. मात्र तें ठिगळ धुतलेलें असूं द्या. आणि पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलासाठीं कर्ज काढून भारी कापड घेण्यापेक्षां त्याच्या हातीं सुई, दोरा व साबण द्यावा. पुढें नोकरीच्या दारांत उभा राहतांना तीच संवय त्याला धीर देईल.