बिनाका गीतमालेचं पहिलं पायदान मदन मोहन यांना मिळालं, पण अडीच वर्षं उशिरा

1977 सालची बिनाका गीतमालेची वार्षिक यादी. पहिल्या नंबरावर ‘लैला मजनू’ सिनेमातलं ‘हुस्न हाजिर है’. आवाज लता मंगेशकर यांचा, शब्द साहिर लुधियानवी यांचे आणि चाल मदन मोहन यांची. वर्षभरातलं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणून ते रेडिओवर वाजलं, तेव्हा चाल बांधणारा माणूस जाऊन अडीच वर्षं होत आली होती.

ज्यांना ‘लग जा गले’ माहीत आहे, ‘झुमका गिरा रे’ माहीत आहे, त्यांना हे वाचून नवल वाटेल. एवढी गाणी दिलेल्या माणसाला जिवंतपणी एकदाही वर्षाचा पहिला नंबर मिळाला नाही? नाही मिळाला. 1953 ते 1974 अशा 22 वार्षिक याद्या त्यांच्या हयातीत लागल्या. त्यातल्या एकाही यादीच्या शेंड्यावर मदन मोहन यांचं गाणं नाही.

आजच्या पोरांना गीतमाला म्हणजे काय ते थोडं सांगावं लागेल. 1952 साली केंद्रात माहिती व नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांकडे आलं. सिनेमाची गाणी हलकी असतात, असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना कात्री लागली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि थेट श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावलं. तिथं 3 डिसेंबर 1952 पासून दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानी यांचा आवाज यायला लागला. सुरुवातीला सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी ती कोणत्या क्रमानं लावायची ते पत्रानं कळवायचं आणि बरोबर येईल त्याला 100 रुपये बक्षीस, असा मामला होता. पहिल्याच कार्यक्रमाला 9 हजार पत्रं आली. वर्षभरात आकडा आठवड्याला 65 हजारांवर गेला. एवढी पत्रं फोडायची कुणी? म्हणून मग 1954 पासून पद्धत बदलली. देशभरातल्या रेकॉर्डच्या दुकानांत कोणती तबकडी किती खपली त्याची माहिती आणि ठिकठिकाणच्या श्रोता संघांची मतं, यावर गाण्यांची उतरंड लागायला लागली. या उतरंडीतल्या जागेला अमीनभाई ‘पायदान’ म्हणायचे.

डिसेंबर संपता संपता वर्षाची यादी यायची. त्यावर पैजा लागायच्या, वाद व्हायचे. संगीतकारांचं तर त्यावर पोट होतं. ज्याचं गाणं वर, त्याच्या दाराशी निर्माते रांग लावणार.

या शर्यतीत मदन मोहन कुठून आले, ते बघण्यासारखं आहे. जन्म 25 जून 1924 चा, आणि तोही थेट इराकमधला, बगदादचा. वडील रायबहादूर चुनीलाल तिकडच्या पोलीस खात्यात हिशेबाच्या मोठ्या हुद्द्यावर होते. पुढे कुटुंब पंजाबातल्या चकवालला, आपल्या मूळ गावी परतलं. ते गाव आता पाकिस्तानात आहे. वडील मुंबईत येऊन सिनेमाच्या धंद्यात शिरले, आधी बॉम्बे टॉकीज आणि नंतर फिल्मिस्तान या बड्या कंपनीत भागीदार झाले.

म्हणजे पोराची वाट सोपी असायला हवी होती. पण वडिलांना स्वतः सिनेमात असूनही मुलगा गाणं-बजावण्यात पडलेला नको होता. 1943 साली मुलगा सैन्यात सेकंड लेफ्टनंट झाला. दुसरं महायुद्ध संपलं तशी त्यानं वर्दी उतरवली आणि 1946 मध्ये लखनौच्या आकाशवाणी केंद्रावर नोकरी धरली. वडिलांना हे अजिबात रुचलं नाही. फिल्मिस्तानच्या भागीदाराच्या या मुलानं सिनेमात पाऊल ठेवलं ते वडिलांचं बोट सोडूनच.

लखनौला त्याला जे मिळालं ते मुंबईच्या कुठल्याच स्टुडिओत मिळालं नसतं. बेगम अख्तर, उस्ताद फैयाज खाँ, तलत महमूद अशा माणसांचं गाणं रोज कानावर. गझल कशी मांडायची, एखादा शब्द कुठं लांबवायचा, कुठं हलकेच सोडायचा, हे त्यानं तिथं ऐकून ऐकून मुरवलं. पुढे आयुष्यभर त्यांची ओळख ‘गझलवाला संगीतकार’ अशीच राहिली. ती त्यांची ताकद होती, आणि नंबरांच्या शर्यतीत तीच अडचणही ठरली.

मुंबईत आल्यावर ते स्वतः गायले. 1948 च्या ‘शहीद’ सिनेमासाठी मास्टर गुलाम हैदर यांनी त्यांचं आणि लताबाईंचं एक भावा-बहिणीचं गाणं रेकॉर्ड केलं. ते सिनेमात आलंच नाही. पण नातं मात्र तिथूनच जुळलं. लताबाईंनी त्यांना राखी बांधली आणि शेवटपर्यंत त्या त्यांना ‘मदन भैया’च म्हणत राहिल्या. संगीतकार म्हणून पहिला सिनेमा 1950 चा ‘आँखें’. त्यात लताबाई गायल्या नाहीत, पुढच्या वर्षीच्या ‘अदा’पासून मात्र ही जोडी सुरू झाली.

मग कामाला तोटा नव्हता. ‘भाई भाई’, ‘देख कबीरा रोया’, ‘अदालत’ अशी नावं एकामागून एक आली. माणूस दिलदार. मोटारींचा शौकीन आणि स्वयंपाकाचा त्याहून मोठा. ‘देख कबीरा रोया’च्या वेळी त्यांनी मन्ना डे यांना फोन करून घरी बोलावलं, स्वतः केलेलं भेंडी घातलेलं मटण खाऊ घातलं आणि जेवता जेवता गाणं शिकवलं. ही गोष्ट मन्नादा पुढे कित्येक वर्षं रंगवून सांगायचे. स्टुडिओत मात्र हाच माणूस तापट. वादक बेसूर झाला की सैन्यातला अधिकारी जागा व्हायचा.

आता नंबरांकडे बघू. 1962 साली ‘अनपढ’ आला. त्यातल्या दोन गझला ऐकून नौशाद यांनी आपलं सगळं संगीत त्यांच्या बदल्यात देऊन टाकायची तयारी दाखवली, असं आजही सांगितलं जातं. नौशाद म्हणजे त्या काळातलं केवढं मोठं नाव! पण त्या वर्षीच्या गीतमालेत पहिलं आलं शंकर-जयकिशन यांचं ‘जंगली’मधलं गाणं.

1964 हे साल तर मदन मोहन यांचंच म्हणायला हवं. एकाच वर्षात ‘वो कौन थी’, ‘हकीकत’ आणि ‘जहाँआरा’. पैकी ‘लग जा गले’ची गंमत अशी, की दिग्दर्शक राज खोसला यांना ही चाल आधी पसंतच पडली नव्हती. मनोज कुमार यांनी मध्ये पडून ती परत ऐकायला लावली म्हणून गाणं वाचलं, असं सांगतात. ‘हकीकत’मधलं शहीद जवानांचं गाणं तर 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावर वाजल्याशिवाय आपल्याकडे झेंडावंदन झाल्यासारखं वाटत नाही. एकेकाळी स्वतः वर्दी घातलेल्या माणसानं ते बांधलंय, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. एवढं सगळं देऊन वर्षाच्या शेवटी पहिल्या पायदानावर कोण? राज कपूर यांचा ‘संगम’. फिल्मफेअर पुरस्काराच्या अंतिम यादीत ‘वो कौन थी’चं नाव होतं, तिथंही पारितोषिक ‘दोस्ती’साठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल घेऊन गेले. ‘जहाँआरा’ तर थिएटरात टिकलाच नाही.

1966 ला ‘मेरा साया’. हा सिनेमा मुळात आपल्या मराठीतल्या, राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’वरून केलेला. ‘झुमका गिरा रे’नं बरेलीचं नाव देशाच्या तोंडी बसवलं. लोक विसरले नाहीत ते अजून नाहीत. पण त्या वर्षीचा पहिला नंबर गेला ‘सूरज’मधल्या, लग्नाच्या वरातीत हमखास वाजणाऱ्या गाण्याला. 1970 ला ‘हीर रांझा’ आणि ‘दस्तक’, तर वर्षाचं गाणं ‘दो रास्ते’चं. 1973 ला ‘हँसते जख्म’, तर वर्षाचं गाणं ‘जंजीर’चं.

हे का झालं असावं? मदन मोहन यांची चाल कमी पडत होती, असं म्हणायला कुणी धजणार नाही. पण यादी लागायची ती मुख्यतः तबकड्यांच्या खपावर. आणि तबकडी खपायची ती सिनेमा चालला की. ‘संगम’, ‘सूरज’, ‘दो रास्ते’ आठवडेच्या आठवडे चालणारे सिनेमे. मोठे तारे, मोठा पैसा, मोठी जाहिरात. मदन मोहन यांच्या वाट्याला मात्र बऱ्याचदा मधल्या फळीतले निर्माते आणि लवकर उतरणारे सिनेमे आले. त्यात गाणं गझलेच्या वळणाचं. पहिल्यांदा ऐकून गुणगुणता येईल असं नाही, दहाव्यांदा ऐकल्यावर काळजात जाऊन बसेल असं. आठवड्याच्या शर्यतीला दहाव्या वेळेपर्यंत थांबायला सवड नसते. यात अमीनभाईंचा दोष काढता येणार नाही, आणि वर गेलेली गाणीही काही ऐरीगैरी नव्हती. शंकर-जयकिशन यांच्यासमोर हरणं म्हणजे कुणाही सोम्यागोम्यासमोर हरणं नव्हे. पण जो दरवेळी हरतो, त्याला हा हिशेब सांगून काय उपयोग?

‘दस्तक’साठी मात्र त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इतकी वर्षं डावललं गेल्यावर आता तो घ्यायला जायचं त्यांच्या मनात नव्हतं म्हणतात. त्याच सिनेमासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेल्या संजीव कुमार यांनी समजूत घालून त्यांना नेलं. फिल्मफेअरची बाहुली त्यांच्या घरी हयातीत कधीच आली नाही.

हे सगळं त्यांना लागायचं. वरून रुबाबदार दिसणारा हा माणूस आतून खचत गेला आणि दारू वाढत गेली. एकेक निर्माता नव्या, चालत्या नावांकडे वळत होता. तरीही हातातल्या कामात तडजोड नाही. ‘लैला मजनू’च्या वेळी ऋषी कपूर यांच्यासाठी किशोर कुमार यांचा आवाज घ्यावा, असा आग्रह होता. ‘आराधना’नंतरचा काळ, तेव्हा किशोरदांचं नाणं खणखणीत चालत होतं आणि महंमद रफी थोडे मागे पडले होते. मदन मोहन अडून बसले. मजनूला आवाज रफींचाच. काम हातचं गेलं तरी चालेल, पण आवाज बदलणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

14 जुलै 1975 ला यकृताच्या आजारानं ते गेले. वय अवघं 51. ‘मौसम’ थिएटरात लागायचा होता, ‘लैला मजनू’चं संगीत पुरतं झालेलं नव्हतं. उरलेलं काम संगीतकार जयदेव यांनी पूर्ण केलं. 1976 मध्ये सिनेमा लागला आणि तुफान चालला. पहिल्यांदाच मदन मोहन यांची चाल आणि गर्दी खेचणारा सिनेमा हे दोन्ही असे जुळून आले, की गाणी गल्लोगल्ली वाजली. रफींचा आवाज पुन्हा घरोघरी गेला. आणि 1977 संपताना गीतमालेच्या पहिल्या पायदानावर मदन मोहन हे नाव आलं, 22 वर्षं न आलेलं. कौतुक ऐकायला घरी बायको होती, मुलं होती. ज्याचं होतं तो नव्हता.

गोष्ट इथं संपायला हवी, पण संपली नाही. मदन मोहन यांना एकेका गाण्यासाठी पाच-सहा चाली बांधायची सवय होती. निर्माता एक उचलायचा, बाकीच्या टेपवर पडून राहायच्या. त्या टेपा त्यांचे चिरंजीव संजीव कोहली यांनी जपून ठेवल्या होत्या. 2004 च्या ‘वीर-जारा’साठी यश चोप्रा जुन्या वळणाचं संगीत शोधत होते, तेव्हा संजीव यांनी वडिलांच्या न वापरलेल्या चाली त्यांच्यापुढे ठेवल्या. नवे शब्द जावेद अख्तर यांनी लिहिले. गायला पुन्हा लताबाई आल्या, तेव्हा त्या पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. मदन भैया जाऊन 29 वर्षं झाली होती आणि बहीण त्यांचीच चाल नव्यानं म्हणत होती.

‘वीर-जारा’ त्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या सिनेमांपैकी एक ठरला, गाणी घराघरांत पोहोचली. मरणोत्तर आयफा पुरस्कारही मिळाला. फिल्मफेअरच्या अंतिम यादीतही मदन मोहन यांचं नाव पुन्हा लागलं होतं. बाहुली मात्र त्या वर्षी ‘मैं हूँ ना’साठी अनू मलिक यांना मिळाली.