अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे : एक पुण्यस्मरण

पालघर, बोईसर, तारापूर ही आपली गावे आज २०१४ साली स्थापन झालेल्या पालघर जिल्ह्यात मोडतात. १९३७ साली मात्र हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात, म्हणजेच मुंबई प्रांतात होता. त्या प्रांताच्या तिजोरीच्या किल्ल्या एका जैन गृहस्थाच्या हाती होत्या, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ते गृहस्थ म्हणजे दिवाणबहादूर अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे.

अण्णासाहेबांचा जन्म १८७८ साली कुरुंदवाड येथे झाला. एम. ए., एलएल. बी. झाल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक झाले. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. तिकडचा जैन समाज बहुतांशी शेतकरी. त्याच्या मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगची जबाबदारी वाहिली.

१९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासल्याच्या प्रकरणात त्यांच्यावर संशय घेण्यात आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊराव पाटलांचा छळ झाला. हेच भाऊराव पुढे कर्मवीर म्हणून प्रसिद्धीस आले. विशेष म्हणजे त्यांना पूर्वी शिस्तीच्या वादातून जैन बोर्डिंग सोडावे लागले होते. तरीही त्यांनी खोटी साक्ष दिली नाही. अण्णासाहेबांनी कोल्हापूर सोडून बेळगावात वकिली आरंभिली. मात्र त्यांनी मनात कटुता ठेवली नाही. शाहू महाराजांच्या निधनानंतर त्यांनीच १९२४ साली महाराजांचे इंग्रजी चरित्र दोन खंडांत प्रसिद्ध केले. पुढे राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत ते कोल्हापूरचे दिवाणही झाले.

१९१६ साली वालचंद कोठारी यांच्या समवेत त्यांनी डेक्कन रयत संघ स्थापिला. ब्राह्मणेतर चळवळीचे ते एक अग्रणी होते आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्यही झाले. कालांतराने ते काँग्रेसमध्ये आले. १९३७ च्या निवडणुकीत ते बेळगावकडून मुंबई विधानसभेवर निवडून गेले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे अर्थखाते आले.

त्यांची खरी कसोटी येथे लागली. दारूबंदी हे काँग्रेसचे वचन होते. परंतु प्रांताच्या उत्पन्नापैकी सुमारे चौथा हिस्सा अबकारीतून येत असे. आपल्या परिसरात ताडीने व मोहाच्या दारूने किती आदिवासी कुटुंबे कर्जात बुडाली, हे जुनी मंडळी जाणतात. हे उत्पन्न सोडले तर शाळा, दवाखाने व रस्ते कशावर चालवावयाचे? १९३८ साली अहमदाबादेत व १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत दारूबंदी आली, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर अण्णासाहेबांना द्यावे लागले.

त्यांनी शहरांतील स्थावर मालमत्तेवर कर बसविला. मुंबईत त्याचा दर भाडेमूल्याच्या दहा टक्के होता. १९३९ च्या विक्रीकर कायद्यात मोटारीच्या इंधनावर व गिरणीच्या कापडावर कराची तरतूद झाली. घरमालक व व्यापारी संतापले. मालमत्ता कराचा वाद उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने कर वैध ठरविला. ज्या वणिक वर्गात त्यांच्या धर्मबांधवांची संख्या मोठी, त्याच वर्गाचा रोष त्यांनी पत्करला.

भारतीयांना न विचारता देश महायुद्धात ओढला गेल्याने नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पाठोपाठ दारूबंदीही ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्यान्वये ती १९५० साली प्रांतभर लागू झाली. त्याच वर्षी अण्णासाहेबांचे देहावसान झाले. सांगलीची लठ्ठे एज्युकेशन सोसायटी त्यांचे नाव आजही चालवीत आहे.

दारूबंदी कितपत यशस्वी झाली, याविषयी मतभेद आहेत व राहतील. प्रस्तुत लेखक स्वतः कापडाचा व्यापारी आहे, त्यामुळे कर भरताना जीव कसा कासावीस होतो हे त्यास सांगावे लागत नाही. व्यसनमुक्तीवर व्याख्यान देणे सोपे असते. तिचा खर्च किती, तो कोणी सोसावा, हे आकडे मांडून आपल्याच माणसांना सांगणे कठीण. अण्णासाहेबांनी ते केले. अपरिग्रहाचे नाव घेणाऱ्या आपणा सर्वांना या लोकप्रतिनिधीचा विसर पडू नये, एवढीच नम्र विनंती.