वेल्सचा जादूगार

ग्रेट ब्रिटनच्या नकाशात पश्चिमेकडे वेल्स नावाचा एक लहानसा डोंगराळ देश दिसतो. इ. स. १९०० च्या सुमारास वेल्सची लोकसंख्या सुमारे वीस लाख होती. शेजारच्या इंग्लंडची लोकसंख्या त्या वेळी तीन कोटींच्या घरात होती. वेल्सचा राज्यकारभार लंडनहून चाले. पण फुटबॉलच्या मैदानावर वेल्सचा संघ स्वतंत्र होता. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्याशी तो दरवर्षी सामने खेळे आणि बहुतेक वेळा हरत असे. या छोट्या देशाने जगाला एक असा खेळाडू दिला, की त्याला पाहण्यासाठी इंग्लंडमधील गिरणीकामगार शनिवारी दुपारी हजारोंच्या संख्येने मैदानावर गर्दी करत. त्याचे नाव विल्यम मेरेडिथ. लोक त्याला बिली म्हणत.

बिलीचा जन्म ३० जुलै १८७४ रोजी चर्क या गावी झाला. चर्क हे वेल्स व इंग्लंड यांच्या सरहद्दीवरचे कोळशाच्या खाणीचे गाव. गावातील बहुतेक पुरुष खाणीत उतरत आणि त्यांची मुलेही थोडी मोठी झाली, की त्यांच्यामागून उतरत. गावच्या शाळेत टी. ई. थॉमस नावाचे शिक्षक होते. त्यांना फुटबॉलचे वेड होते. शाळा सुटल्यावर ते मुलांना खेळ शिकवत. त्या लहानशा गावातून वेल्सच्या राष्ट्रीय संघाला कितीतरी खेळाडू मिळाले, ते या गुरुजींमुळे. स्वतः शिक्षक असल्यामुळे मला त्यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही.

बाराव्या वर्षी बिलीची शाळा सुटली. तो ब्लॅक पार्क नावाच्या खाणीत काम करू लागला. त्या काळी खाणीच्या पोटात कोळशाच्या छोट्या गाड्या ओढण्यासाठी घोडी ठेवत. ती घोडी हाकण्याचे काम बिलीकडे आले. बाहेर ऊन असो की पाऊस, आत नेहमी काळोखच. आठ वर्षे त्याने हे काम केले. आठवडाभर खाणीत राबायचे आणि शनिवारी गावच्या संघातून खेळायचे, असा त्याचा क्रम होता. १८९४ मध्ये चर्कच्या संघाने वेल्श कप जिंकला, तेव्हा बिली त्या संघात होता.

त्याच वर्षी मँचेस्टर सिटी या क्लबची माणसे त्याला न्यायला चर्कला आली. मँचेस्टर हे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात विलायती कापडाच्या संदर्भात वाचले असेल. आपल्याकडचा कापूस तिकडे जाई आणि कापड होऊन परत येई. अशा या मोठ्या शहरात खेळून पैसे मिळवणे बिलीच्या आईला मुळीच पसंत नव्हते. खेळ हा खेळ, तो काही पोटाचा धंदा नव्हे, असे तिचे मत होते. गावकऱ्यांनाही आपला खेळाडू जाऊ द्यायचा नव्हता. त्यांनी क्लबच्या एका माणसाला गावच्या तळ्यात ढकलले, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, बिलीने शेवटी करार केला. पण आईच्या इच्छेखातर त्याने खाण लगेच सोडली नाही. काही महिने तो आठवडाभर खाणीत काम करी आणि सामन्यासाठी रेल्वेने प्रवास करून जाई. १८९५ च्या जानेवारीत तो पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू झाला. त्याच वर्षी तो वेल्सच्या राष्ट्रीय संघातून पहिल्यांदा खेळला.

बिली उजव्या बाजूचा अगदी कडेचा फॉरवर्ड होता. आपल्याकडे मैदानावर या जागेला 'राइट आउट' म्हणतात. तो अंगाने सडपातळ होता व त्याचे पाय थोडे बाकदार होते. चेंडू पायाशी ठेवून तो कडेच्या रेषेजवळून कोपऱ्यापर्यंत धावत जाई. विरुद्ध संघाचा खेळाडू आडवा आला, की क्षणभर थांबे, अंग एकीकडे झुकवी आणि दुसरीकडून निसटे. मग तेथून गोलसमोर असा नेमका चेंडू टाकी, की मधल्या फॉरवर्डने नुसते डोके लावावे. स्वतःही तो पुष्कळ गोल करी. खेळताना त्याच्या तोंडात नेहमी दात कोरायची काडी असे. पूर्वी तो तंबाखू चघळत असे, पण थुंकीचे डाग पडलेले कपडे धुवायला लोक कुरकुर करू लागले, म्हणून त्याने काडी धरली, असे सांगतात. व्यंगचित्रकारांना ती काडी फार आवडे. तिच्यावरूनच प्रेक्षक त्याला ओळखत. वर्तमानपत्रांनी त्याला वेल्सचा जादूगार म्हणायला सुरुवात केली.

२३ एप्रिल १९०४ हा त्याच्या आयुष्यातील मोठा दिवस. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर एफ. ए. कपचा अंतिम सामना होता. समोर बोल्टन वाँडरर्सचा संघ होता आणि साठ हजारांवर प्रेक्षक जमले होते. मँचेस्टर सिटीचा कप्तान बिली होता. सामन्यातला एकमेव गोल त्यानेच केला. मँचेस्टर शहराला मिळालेला तो पहिला मोठा चषक.

इथपर्यंतची गोष्ट सुखाची आहे. पण पुढच्याच वर्षी एक वाईट घटना घडली आणि ती लपवून बिलीचे चरित्र सांगणे बरोबर होणार नाही. १९०५ च्या हंगामाचा शेवटचा सामना ॲस्टन व्हिला या संघाविरुद्ध होता. सिटीला अजिंक्यपदासाठी विजय हवा होता. सिटी हरली. त्यानंतर चौकशी झाली आणि बिलीवर आरोप आला, की त्याने व्हिलाच्या कप्तानाला सामना सोडण्यासाठी दहा पौंड देऊ केले होते. फुटबॉल असोसिएशनने त्याला दोषी ठरवून खेळण्यास बंदी केली. बिली आधी आपण निर्दोष आहोत असे म्हणत राहिला. पुढे क्लबने पैसे देणे बंद केले, तेव्हा त्याने तोंड उघडले. मॅनेजरच्या सांगण्यावरूनच आपण हे केले आणि क्लब खेळाडूंना नियमाहून जास्त पगार चोरून देतो, असे त्याने सांगितले. मग मोठी चौकशी झाली. मॅनेजरला काढण्यात आले. सतरा खेळाडूंना दंड झाला, त्यांच्यावर १ जानेवारी १९०७ पर्यंत बंदी आली आणि सिटीतर्फे त्यांना पुन्हा खेळता येणार नाही असे ठरले.

चोरून पगार देण्याची वेळ का यावी? याचे कारण समजून घेतले पाहिजे. १९०१ पासून इंग्लंडमध्ये असा नियम होता, की कोणत्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही. खेळाडू कितीही चांगला असो, त्याच्यामुळे तिकिटांची कितीही विक्री होवो, पगार चार पौंडच. शिवाय क्लबच्या परवानगीशिवाय खेळाडूला दुसऱ्या क्लबात जाता येत नसे. क्लब खेळाडूला दुसऱ्या क्लबाकडे पाठवी आणि त्याची किंमत आपल्या खिशात घाली. खाणीतला मजूर निदान एक खाण सोडून दुसऱ्या खाणीत जाऊ शकत असे. फुटबॉलपटूला तेवढीही मोकळीक नव्हती. बिलीने लाच देऊ केली असेल, तर ती चूकच होती. पण पगाराचा प्रश्न त्याने उभा केला, तो खरा होता, असे मला वाटते.

पुढे बिली शहरातल्याच दुसऱ्या क्लबात, म्हणजे मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला. सिटीचे आणखी काही चांगले खेळाडूही तेथे आले. १ जानेवारी १९०७ रोजी तो पुन्हा मैदानात उतरला आणि योगायोग असा, की समोर ॲस्टन व्हिलाचाच संघ होता. बिलीने टाकलेल्या चेंडूवर सँडी टर्नबुलने गोल केला. युनायटेडने तो सामना १-० ने जिंकला. त्याच वर्षी वेल्सने इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड यांच्यातील स्पर्धा इतिहासात पहिल्यांदाच जिंकली.

त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात युनायटेडचा टॉमी ब्लॅकस्टॉक नावाचा एक तरुण खेळाडू दुसऱ्या फळीच्या सामन्यात चेंडूला डोके लावल्यावर कोसळला आणि मरण पावला. त्याच्या घरच्यांना भरपाई म्हणून काही मिळाले नाही. खाणीत वाढलेल्या बिलीला मजुरांच्या संघटना ठाऊक होत्या. २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडूंची सभा भरली. अध्यक्षस्थानी बिली होता. त्या सभेत खेळाडूंची संघटना स्थापन झाली.

युनायटेडने १९०८ साली लीगचे अजिंक्यपद आणि १९०९ साली एफ. ए. कप जिंकला. पण कप जिंकून काही महिने होतात न होतात, तोच असोसिएशनने फर्मान काढले, की खेळाडूंनी संघटना सोडावी, नाहीतर त्यांना खेळता येणार नाही. पगार कोणाला नको असतो? एकेका क्लबाचे खेळाडू राजीनामे देऊ लागले. बिली, कप्तान चार्ली रॉबर्ट्स आणि युनायटेडचे त्यांचे सोबती मात्र हटले नाहीत. त्यांच्यावर बंदी आली, पगार थांबला. ते आपापले जमून सराव करत राहिले. स्वतःला त्यांनी बहिष्कृतांचा क्लब असे नाव दिले आणि तशी पाटी पुढे ठेवून एक छायाचित्रही काढून घेतले. नवा हंगाम तोंडावर आला, तेव्हा तडजोड झाली. असोसिएशनने संघटनेला मान्यता दिली. पण इतर कामगार संघटनांशी असलेला संबंध तिला तोडावा लागला. चार पौंडांचा नियमही तसाच राहिला. बिलीला ही तडजोड पसंत नव्हती. आपण निम्म्यावर थांबलो, असे त्याला वाटे.

देशासाठी खेळण्याचीही त्याला कधी पूर्ण मोकळीक मिळाली नाही. वेल्सचा सामना आणि क्लबचा सामना एकाच दिवशी आला, की इंग्लिश क्लब त्याला सोडत नसे. निवड होऊनही त्याला अनेक वेळा घरच्या संघाला मुकावे लागले. तरीसुद्धा तो वेल्सकडून ४८ सामने खेळला. त्यातला शेवटचा सामना १५ मार्च १९२० रोजी लंडनमध्ये इंग्लंडविरुद्ध झाला. बिली त्या वेळी ४५ वर्षांचा होता. वेल्सने तो सामना २-१ ने जिंकला. पंचवीस वर्षे तो इंग्लंडशी झुंजत आला होता आणि या चार देशांच्या स्पर्धेत त्यांच्यावरचा त्याचा हा पहिलाच विजय होता. खेळाडूंच्या खोलीत त्याला रडू आवरले नाही, असे सांगतात.

एवढ्यावर तो थांबला नाही. १९२१ मध्ये तो पुन्हा मँचेस्टर सिटीत आला. २९ मार्च १९२४ रोजी एफ. ए. कपच्या उपांत्य सामन्यात न्यूकॅसलविरुद्ध तो खेळला, तेव्हा त्याचे वय ४९ वर्षे ८ महिने होते. सिटी हरली आणि त्याची कारकीर्द संपली. इतकी वर्षे तो कसा टिकला? तो नियमित सराव करी, पायांची फार काळजी घेई आणि खेळाच्या काळात दारूला शिवत नसे. नवल असे, की निवृत्तीनंतर त्याच माणसाला पोटासाठी दारूचा गुत्ता चालवावा लागला. लाखो लोकांनी त्याच्यासाठी तिकिटे काढली होती, पण त्याच्या गाठीला फारसे काही उरले नव्हते.

१९ एप्रिल १९५८ रोजी मँचेस्टर येथे त्याचे निधन झाले. दोनच महिन्यांपूर्वी म्युनिकच्या विमान अपघातात युनायटेडचे आठ खेळाडू मरण पावले होते. सारे शहर त्या दुःखात बुडालेले होते, त्यामुळे या म्हाताऱ्याच्या जाण्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. पुढे दोनच महिन्यांनी, जून १९५८ मध्ये, वेल्सचा संघ पहिल्यांदा विश्वचषक स्पर्धेत खेळला. तेही पाहायला बिली नव्हता.

पगाराच्या मर्यादेचा नियम १९६१ साली रद्द झाला. त्यासाठी संपाची नोटीस देणारी संघटना तीच होती, जी बिलीच्या अध्यक्षतेखाली इंपीरियल हॉटेलात स्थापन झाली होती. त्या वेळी बिलीला जाऊन तीन वर्षे झाली होती आणि मँचेस्टरच्या सदर्न कबरस्तानात त्याच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. चाळीस वर्षांहून अधिक काळ ती कबर तशीच बेनाव राहिली. २००१ मध्ये तिच्यावर दगड बसवण्याचे ठरले. त्याचा खर्च मँचेस्टर सिटी, मँचेस्टर युनायटेड, वेल्सची फुटबॉल असोसिएशन आणि खेळाडूंची संघटना या चौघांनी मिळून उचलला.